‘दूर’वरची जागा

हिंदी सिनेमाच्या प्रत्येक गाण्यात एक माणूस असतो, आणि त्याचं नाव कुठेही नसतं. संगीतकाराला चाल सुचली की ती कुणीतरी गाऊन दाखवावी लागते. निर्मात्याला, नटाला, नटाच्या बायकोला, कंपनीच्या साहेबांना. तेवढ्यासाठी मोठ्या गायकाला कोण बोलावणार? मग एक गळा भाड्याने आणतात. तो जीव ओतून गातो, सगळे माना डोलावतात, आणि एक दिवस मोठा गायक येतो, कानाला तेच गाणं लावून ऐकतो, तसंच्या तसं गातो आणि निघून जातो. मग पहिला आवाज पुसून टाकतात. धंद्यात त्या आवाजाला ‘डमी’ म्हणतात. कापडाच्या दुकानात काचेआड साडी नेसून उभी असते तिलाही डमीच म्हणतात, पण तिच्याकडे निदान लोक बघतात तरी.

भावनगरचा किरीट जानी अशा डम्या गात गात चाळिशी ओलांडून बसला होता. गाजलेली कितीतरी गाणी आधी त्याच्या गळ्यातून गेलेली. लग्नाच्या वरातीत ती वाजायला लागली की त्याची बायको जिग्ना पूर्वी अभिमानाने सांगायची, ‘हे आधी आमच्या यांनी म्हटलंय.’ लोक तिच्याकडे ‘बरं हं’ अशा नजरेने बघायचे. मग तिने सांगणं सोडून दिलं.

त्याच्या गळ्यात एक दोष होता, आणि तो दोष म्हणजेच त्याची भाकरी होती. मुंबईला येण्याआधी तो सुरत-राजकोटकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ‘व्हॉइस ऑफ मुबारक सरहदी’ म्हणून गायचा. सरहदी म्हणजे जुन्या जमान्यातला मखमली आवाजाचा गायक, ऐन भरात असतानाच वारला. किरीटच्या गळ्यात तो माणूस असा काही जाऊन बसला होता की भाडेकरू जुना झाल्यावर मालकालाच परका करतो, तशातली गत. मुंबईत ज्याच्या दारात जावं तो एक ओळ ऐकायचा आणि म्हणायचा, ‘छान आहे हो, पण हा तर सरहदी. तुम्ही कुठे आहात?’ या एका प्रश्नाने किरीटचं सगळं तारुण्य खाल्लं. भल्या सकाळी तंबोऱ्याच्या यंत्रापुढे बसून त्याने सरहदीला गळ्यातून बाहेर काढायचा उद्योग वर्षानुवर्षं केला होता. स्वतःच्या बापाला घराबाहेर काढतानाही इतकं वाईट वाटलं नसतं.

आता मात्र गाशा गुंडाळायची वेळ आली होती. जिग्नाच्या भावाचं भावनगरला फरशांचं दुकान होतं. तो भाऊजींना गल्ल्यावर बसवायला तयार होता. लेकीचं नाव तिथल्या शाळेत घालून झालं होतं.

‘जूनमध्ये जायचं,’ जिग्ना म्हणाली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच किरीटला जास्त लागलं. ‘मी तुम्हाला कधी गाऊ नका म्हटलं नाही. पण एक तरी गाणं दाखवा मला, ज्याच्याखाली तुमचं नाव आहे. एक. मग मी फरशा विकेन आणि तुम्ही गा.’

असं एक गाणं त्याला हवं होतं. त्याच्या स्वतःच्या आवाजातलं, त्याच्या नावाचं. ते मिळालं असतं तर तो फरशांच्या दुकानातही ताठ मानेने बसला असता. नाही मिळालं, तर इतकी वर्षं मुंबईत नक्की कोण राहत होतं, हेच त्याला सांगता आलं नसतं.

आणि अशा वेळी नवराजचा फोन आला.

नवराज हा जालंधरचा पोरगा, तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, सध्या ज्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही असा संगीतकार. नवं गाणं रचण्यापेक्षा जुनं खरवडून, घासूनपुसून, खाली ढोल आणि वर इलेक्ट्रॉनिक झगमगाट लावून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आरामनगरमधल्या एका बैठ्या बंगल्यात त्याचा स्टुडिओ होता. एका जुन्या सिनेमाचा रीमेक येत होता, ‘चौथी खिडकी’ त्याचं नाव, आणि त्यातलं सरहदीचं गाणं नव्या सिनेमाचा जीव असणार होतं. ‘शाम ज़रा सी रोक लीजिए, घर मेरा अब दूर नहीं.’ मुखडा जुन्याच आवाजात, जुन्या रेकॉर्डच्या खरखरीसकट. ती ओळ संपता संपता नवा ठेका दणक्यात फुटणार, आणि मग कोरा करकरीत नवा अंतरा, आजच्या गायकाचा. गाण्यांच्या कंपनीने जाहिरातही करून टाकली होती, सरहदीचा फोटो टाकून: ‘मूळ आवाज, नवा साज.’

‘भानगड अशी झालीय किरीटभाई,’ किरीटला स्टुडिओत बोलावून नवराज म्हणाला, ‘की मूळ आवाज सडलाय. कंपनीच्या गोदामातल्या टेपला बुरशी लागली. रेकॉर्डवरच्या गाण्यातून आवाज वेगळा काढला तर सरहदीसाहेब हौदात बुडून गातायत असं वाटतं. मी कंपनीच्या बाईंना सांगून बसलोय की टेप साफ केली, एकदम फर्स्ट क्लास आवाज निघाला.’

‘आणि निघाला नाही.’

‘तुम्ही निघालात की.’

किरीटने ज्याला घालवायला जन्म घालवला, त्यालाच परत बोलवा म्हणत होते. पण धंद्यात राहून राहून माणूस थोडा तरी शहाणा होतोच.

‘मुखडा गातो,’ तो म्हणाला. ‘सरहदी होऊन गातो. नाव नको, काही नको. पण अंतरा माझा. माझ्या आवाजात, माझ्या नावाने. डमी नाही पाजी, फायनल.’

नवराजने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस कधी काही मागत नाही, अशीच त्याची समजूत होती. ‘दिला,’ तो म्हणाला आणि हात पुढे केला. ‘आईची शपथ, अंतरा तुमचा.’

दुसऱ्या दिवशी किरीट काचेपलीकडच्या खोलीत जाण्याआधी नवराजने मूळ गाणं लावलं, रेकॉर्डवरून उतरवलेलं. किरीटला ते ऐकायची गरजच नव्हती. ते त्याच्या हाडात होतं. भावनगरला घोघा दरवाज्याजवळ त्याच्या बापाचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे दिवसभर ही एक कॅसेट चालायची. बाप पंख्याची कॉइल गुंडाळायचा, पोरगं तांब्याच्या तारेशी खेळता खेळता गायचं. त्या गाण्याचा सगळा जीव ‘दूर’ या शब्दात होता. सरहदीसाहेब ‘दूऽ’ म्हणत आणि सूर जरासा खाली ओघळायचा, दमलेला माणूस पायरीवर टेकावा तसा, आणि मग उठून ‘र’वर यायचा. काय जागा होती ती. ऑर्केस्ट्रात तिच्यावर लोक उभे राहायचे. त्या एका जागेसाठी किरीट गायक झाला होता.

गाणं ‘दूर’वर आलं, आणि सरहदी ते सरळ म्हणाला.

किरीटला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ‘पाजी, परत लावा.’ परत तेच. सपाट, सरळ, लांब ‘दूर’. ओघळ नाही की काही नाही.

‘ही सिनेमातली प्रत असेल,’ तो म्हणाला. रेडिओवर ते सरळ लागायचं तेव्हाही त्याने स्वतःची हीच समजूत घातली होती: सिनेमात साधं म्हटलंय, रेकॉर्डवर जागा घेतलीय, त्या काळी असं करायचे. ‘रेकॉर्डवरची वेगळी आहे.’

‘ही रेकॉर्डच आहे. या गाण्याचा एकच टेक झालाय, कंपनीच्या माणसाकडून खात्री करून घेतलीय मी. का, काय झालं?’

‘काही नाही.’

काय झालं ते त्याला तिथेच, हेडफोन हातात धरून उभं असतानाच उमगलं. दुकानातली गरमी. रोज तीच कॅसेट, तोच जुना टेपरेकॉर्डर. त्या ठिकाणी कॅसेटमधली पट्टी ताणली गेली होती. ताणलेली पट्टी चाकाखालून जाताना सूर खाली घसरायचा. अख्खा वाद्यवृंद त्याच्याबरोबर खाली जात असणार, पण ते पोराच्या कानाला काय कळणार. सरहदीने ही जागा कधी घेतलीच नव्हती. ती भावनगरच्या उन्हाने घेतली होती, आणि मग किरीट जानीने. जगात दुसरं कुणीही ती ओळ तशी गात नव्हतं.

त्याला हसू आलं आणि रडूही आलं. तुम्ही कुठे आहात, तुम्ही कुठे आहात, म्हणून ज्याने त्याने विचारलं, आणि तो बिचारा सगळ्या घरात स्वतःला शोधत हिंडला. तो तर इथे बसला होता, ‘दूर’वर.

त्याने मुखडा म्हटला. सरहदी बनून म्हटला, पण ‘दूर’ आलं तेव्हा त्याने आपली जागा घेतली. मुद्दाम की सवयीने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. काचेपलीकडे नवराजने दोन्ही हात डोक्याला लावले.

‘ओ किरीटभाई,’ तो आत धावत येऊन म्हणाला, ‘ती ‘दूर’वरची जागा. मार डाला. जुन्या लोकांची बातच और.’ मूळ गाण्यात तिथे तबला इतका जोरात होता की नवराजला फरक कळलाच नव्हता. किरीटने तो सांगितला नाही.

मग अंतरा. अंतरा तो कसा गायला हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण त्या दुपारी त्याच्या गळ्यात कुणीच नव्हतं एवढं खरं. नवराजने त्याला मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर किरीटने बाहेर येऊन जिग्नाला फोन केला आणि म्हणाला, ‘झालं.’ तिला काय झालं ते विचारावं लागलं नाही. ‘थेपले करून पाठवू का सगळ्यांना?’ एवढंच तिने विचारलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या बाई गाणं ऐकायला आल्या. चारू बगडिया, कलकत्त्याकडच्या मारवाडी, कडक इस्त्रीची कुर्ती, बोलणं हळू आणि मोजकं. कुणाचं गाणं राहणार आणि कुणाचं जाणार हे त्या हळू आवाजातच ठरायचं. किरीटने यायची गरज नव्हती, पण नवराजने त्याला बोलावून घेतलं होतं. ‘तुमचं नाव मी त्यांच्या तोंडावर सांगणार,’ तो म्हणाला होता. चारूबाईंबरोबर आणखी एक बाई होत्या, साठी उलटलेल्या, पांढरा दुपट्टा, हातात जपमाळ. मुबारक सरहदींची मुलगी, नजमा. घरच्यांचा आशीर्वाद म्हणून त्यांचा व्हिडिओ काढायचा होता. सगळे त्यांना आपा म्हणत होते.

गाणं सुरू झालं. खरखर, मग तो आवाज. नजमा आपांनी दुपट्टा तोंडाला लावला. ‘दूर’वर सूर ओघळला आणि त्या रडायला लागल्या.

‘अब्बा,’ त्या म्हणाल्या. ‘घरी असंच म्हणायचे. दाढी करताना. असाच ‘दूर’.’

चारूबाईंनी आपांच्या पाठीवर हात ठेवला. ठेका फुटला, अंतरा आला, संपला.

‘मुखडा सोनं आहे,’ चारूबाई म्हणाल्या. ‘ती जागा तर... आजच्या पोरांना सात जन्मात येणार नाही. पण अंतरा कोणी गायलाय?’

‘हे आपले किरीटभाई,’ नवराज पुढे सरसावून म्हणाला. ‘मॅडम, यांचा आवाज ठेवू या. नवा आवाज म्हणून.’

चारूबाईंनी किरीटला नमस्कार केला. अगदी सभ्यपणे केला. ‘वाईट वाटून घेऊ नका हं. तुम्ही चांगलं गाता. पण मूळ सरहदीसाहेबांनंतर लगेच तुम्ही आलात की कळतं ना, तुम्ही त्यांची नक्कल करताय. तीही जमलेली नाही. सोन्याशेजारी पितळ ठेवल्यासारखं दिसतं. अंतऱ्याला मोठं नाव घेऊ, त्यांच्या तारखा मिळाल्यात.’

किरीटने नवराजकडे पाहिलं. नवराज टेबलावरची वायर गुंडाळत होता.

‘पाजी.’

‘किरीटभाई, आपण नंतर बोलू.’

‘आईची शपथ घेतली होती तुम्ही.’

‘नंतर बोलू ना, प्लीज.’

वायर गुंडाळून झाली तरी नवराज ती गुंडाळतच राहिला. फरशांच्या दुकानाचा गल्ला किरीटला डोळ्यांसमोर दिसला, आणि जिग्नाचं तोंड, जी त्याला काहीच बोलणार नव्हती. आता बोललो नाही तर आयुष्यात कधीच बोलणार नाही, हे त्याला कळलं. आजवर कुणापुढे आवाज न चढवलेला हा माणूस उभा राहिला.

‘मॅडम, ते सोनंही मीच आहे.’

चारूबाईंना कळलं नाही. ‘म्हणजे?’

‘मुखडा मी गायलोय. टेप सडलीय. सरहदीसाहेब नाहीत ते, मी आहे. पितळ मी आणि सोनंही मीच.’

नजमा आपांचा जप थांबला. नवराज कसनुसा हसला. ‘मॅडम, हे जरा भावुक झालेत. वर्षानुवर्षं सरहदीसाहेबांची नक्कल केलीय ना, कधी कधी यांना...’

‘रेकॉर्ड लावा,’ किरीट म्हणाला. ‘जुनी रेकॉर्ड लावा आणि ‘दूर’ ऐका. तबल्याच्या खाली ऐका. तिथे जागा नाहीये. सरहदीसाहेबांनी ती कधी घेतली नाही. ती माझी आहे. माझ्या बापाच्या दुकानातली कॅसेट ताणली होती, मी लहानपणी चुकीचं शिकलो. ती चूक माझी आहे, मॅडम. पाया पडतो तुमच्या, लावा.’

मशीनवर मॅल्कम नावाचा वांद्र्याचा म्हातारा बसायचा, कमी बोलणारा. त्याने कुणालाही न विचारता रेकॉर्ड लावली. सरळ, सपाट ‘दूर’. मग आताचा मुखडा. ओघळता ‘दूर’. मग परत जुना. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

आता काहीही झालं तरी त्यांना कळलं होतं. एका खोलीतल्या चार माणसांना का होईना, किरीट कोण आहे ते कळलं होतं. तेवढा वेळ तो सुखी होता.

‘नवराज,’ चारूबाई म्हणाल्या, त्याच हळू आवाजात, ‘तुमच्याकडे मी नंतर बघते.’ मग त्या विचारात पडल्या. जाहिरात बाहेर गेली होती, फोटो गेला होता, सिनेमाची तारीख ठरली होती. त्यांनी दोन बोटांनी कपाळ दाबलं. ‘बरं झालं तुम्ही सांगितलंत, किरीटजी. नाहीतर आपण पकडले गेलो असतो. लोक हल्ली दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकतात. ती जागा काढून टाका.’

‘काढून?’

‘सरळ करा. रेकॉर्डसारखं. बाकी सगळं सरहदीसाहेबच आहेत, फरक फक्त तेवढाच आहे ना?’

आपला एकमेव पुरावा किरीटने स्वतःच्या हाताने त्यांच्या हवाली केला होता.

मॅल्कमने पडद्यावर तो सूर पकडून माउसने वर ओढला. रेष सरळ झाली. त्याने वाजवून पाहिलं आणि मान हलवली. ‘यंत्र ऐकू येतंय,’ तो म्हणाला. ‘जुन्या आवाजावर ही इस्त्री दिसते. परत गावं लागेल.’

सगळे किरीटकडे बघायला लागले. त्या क्षणी त्याच्या हातात पुन्हा एक पत्ता आला, आणि बुडत्या माणसाने तो टाकून पाहिला. ‘अंतरा माझा ठेवा,’ तो म्हणाला. ‘नाव नको, असू दे. नुसता आवाज ठेवा. मग गातो.’

‘अंतरा नाही होणार,’ चारूबाई म्हणाल्या. ‘दोन्ही ठिकाणी तुम्ही असलात तर कुणाच्याही लक्षात येईल. तुम्ही नाही गायलात तर व्हॉइस ऑफ सरहदी आम्हाला प्रत्येक शहरात मिळेल. थोडा वेळ जाईल, एवढंच.’

ते खरं होतं. इंदूरला एक होता, नागपूरला एक होता. किरीट दोघांनाही ओळखत होता.

‘मग त्यांच्याकडूनच गाऊन घ्या,’ तो म्हणाला आणि दाराकडे निघाला.

नजमा आपा उठून त्याच्यामागे आल्या. अंगणात, चपलांच्या ढिगाजवळ, त्यांनी त्याची बाही धरली. त्यांचे डोळे कोरडे झाले होते.

‘मी मघाशी खोटं बोलले नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मला खरंच तसं आठवलं. तुम्ही गायलात आणि मला आठवलं. आता कळलं, अब्बांचा आवाज मी विसरलेय.’

‘आपा, मला माफ करा. मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं.’

‘दुखवलंत.’ त्यांनी बाही सोडली नाही. ‘ते गेले तेव्हा जनाज्यामागे माणसं मोजकीच होती. त्यानंतर कुणी नाव घेतलं नाही. माझ्या नातवंडांना वाटतं मी थापा मारते. आता थेटरात पडद्यावर नाव येणार आहे. मोठ्या अक्षरात येणार, मुबारक सरहदी. मला माहितीय ते खोटं असेल. येऊ दे खोटं. तुम्ही सरळ गा.’

‘आणि मी?’ किरीट म्हणाला. हा प्रश्न त्याने आजवर कुणालाही विचारला नव्हता. ‘आपा, मी जूनमध्ये चाललोय. हे शेवटचं होतं. माझ्याजवळ फक्त तेवढी एक जागा आहे हो.’

नजमा आपांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना दया आली होती, आणि तरीही त्या मागे हटणार नव्हत्या. ‘तुम्ही जिवंत आहात, बेटा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला दुसरं गाणं मिळेल, नाही मिळेल, मला काय माहीत. अब्बांना नाही मिळणार.’

तो परत आत गेला. का गेला, हे त्याला नंतर कधी जिग्नालाही नीट सांगता आलं नाही. त्याने हेडफोन लावले. खरखर सुरू झाली. ‘शाम ज़रा सी रोक लीजिए, घर मेरा अब दू...’ आणि सूर खाली गेला.

‘परत,’ मॅल्कम म्हणाला.

परत खाली गेला. पुन्हा, पुन्हा. किरीटने मुठी आवळल्या, डोळे मिटले, डोळे उघडले. गळा ऐकतच नव्हता. लहानपणापासून तो तिथे खाली उतरला होता, तो उतरणारच. काचेपलीकडे चारूबाई घड्याळ बघत होत्या, नवराज खाली मान घालून बसला होता. एकदा तर किरीटला वाटलं, बरं होतंय. नाही म्हणजे नाहीच जात, माझा गळा तरी माझ्या बाजूने आहे. मग त्याची नजर आपांवर गेली. त्या खुर्चीवर पुढे वाकून, ओठ हलवत, शब्द न उच्चारता त्याच्याबरोबर ओळ म्हणत होत्या, परीक्षेला बसलेल्या लेकरामागे आई म्हणते तशा. आणि ‘दूर’ आलं की त्यांचा हात हवेत सरळ रेष काढत होता.

त्याने त्या हाताकडे बघत म्हटलं.

सरळ आलं. लांब, स्वच्छ, सरळ ‘दूर’. त्यात किरीट जानी कुठेही नव्हता. मॅल्कमने अंगठा वर केला. आपांनी दोन्ही हात गालांवर ठेवले, आणि त्यांच्या ओठांवर जो शब्द आला तो काचेतून ऐकू येत नव्हता, पण तो किरीटने वाचला: ‘अब्बा.’

बाहेर आल्यावर नवराजने मिठी मारली. पुढचं गाणं तुमचं, किरीटभाई, पक्कं, असंही म्हणाला. चारूबाईंनी नमस्कार केला. जिग्नाने पाठवलेला थेपल्यांचा डबा कोपऱ्यात उघडा पडला होता आणि सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लेलं होतं. किरीटने डबा उचलला, झाकण लावलं आणि तो निघाला.

रस्त्यावर रिक्षा मिळेना. तो चालत राहिला, आणि चालता चालता, कुणी ऐकत नाही असं बघून, त्याने ती ओळ स्वतःशी म्हणून पाहिली, स्वतःच्या पद्धतीने, दुकानातली. ‘दूर’ आलं आणि सरळ गेलं. तो थांबला. त्याने परत म्हटली. मग मोठ्याने म्हटली. एक बाई वळून बघायला लागली. तो फुटपाथवर उभा राहून ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी सरहदीच म्हणत होता.